दोन्ही युनिव्हर्सिट्या चांगल्या, मुलीला डॉक्टर व्हायचंय: 1 मेच्या आत निवड कशी करायची

"मावशी, हॉपकिन्सही मिळालं आणि रटगर्सही. आई म्हणतेय हॉपकिन्स. बाबा काहीच बोलत नाहीयेत."

भाचीचा हा फोन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. भावोजी का गप्प होते ते मला लगेच कळलं. घर न्यू जर्सीत आणि रटगर्स त्याच राज्याची सरकारी युनिव्हर्सिटी, त्यामुळे तिची फी राज्यातल्या मुलांची, म्हणजे कमी. हॉपकिन्स खासगी, आणि तिथून मदत शून्य. आणि ताईच्या डोळ्यांसमोर 'जॉन्स हॉपकिन्स' हे नाव.

मी डॉक्टर नाही. पण माझा मोठा मुलगा याच वाटेने गेला. तेव्हा आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं, आणि जे चुकलं ते निस्तरायला त्याला दोन वर्षं लागली. भाचीबरोबर तीन आठवडे बसून जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत दर एप्रिलला हा पेच पडतो, कारण 1 मेच्या आत एका ठिकाणी डिपॉझिट भरायचं असतं, आणि नातेवाइकांचे सल्ले बहुधा नावावरून दिलेले असतात.

आधी एवढं स्पष्ट करून घ्या

आपल्या डोक्यात बारावी, नीट, एमबीबीएस अशी सरळ रेघ असते. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग शाखेप्रमाणे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. 'प्री-मेड' ही बहुतेक ठिकाणी पदवीच नसते, ती तयारी असते. इतिहासात पदवी घेऊनही मुलगी मेडिकलला जाऊ शकते. फक्त ठरलेले विषय झालेले हवेत: प्रयोगशाळेसह एकेक वर्ष जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, वर एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, थोडं गणित किंवा संख्याशास्त्र, आणि इंग्रजी लेखन. 2015 पासून मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे एमकॅटमध्ये, मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही आलं, तेव्हा तेही घ्यावं लागतं.

हे विषय दोन्ही युनिव्हर्सिट्यांत मिळतात. म्हणून 'प्री-मेड प्रोग्राम कुणाचा चांगला' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. मेडिकल स्कूलला दरवर्षी साधारण 52 हजार मुलं अर्ज करतात आणि 23 हजारांच्या आसपास आत जातात. आत गेलेल्यांचा जीपीए, म्हणजे 4 पैकी मोजलेली ग्रेडची सरासरी, साधारण 3.8च्या जवळ असतो आणि एमकॅट 528 पैकी 511-512. म्हणून मी भाचीला एकच कसोटी दिली: चार वर्षांनी चांगला जीपीए, तुला नावाने ओळखणारे दोन-तीन प्राध्यापक, आणि मेडिकल स्कूलसाठी राखलेले पैसे, या तिन्ही गोष्टी कुठे जमतील? नावाचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही. पण 3.4 जीपीएला मोठ्या नावाने झाकता येत नाही.

पायरी 1: हिशोब आठ वर्षांचा मांडा

ही पायरी सगळ्यात आधी, कारण लोक ती सगळ्यात शेवटी करतात.

कागदाचे दोन रकाने करा. फी, राहणं-जेवण, विमा, पुस्तकं, घरी येण्याजाण्याची तिकिटं, सगळं धरून वर्षाचा खर्च लिहा आणि त्यातून फक्त परत न करायची मदत वजा करा. मदतीच्या पत्रात कर्जाची रक्कमही 'मदत' म्हणून छापलेली असते, ती वजा करू नका. स्कॉलरशिप असेल तर ती चारही वर्षं आहे का, आणि टिकवायला किती जीपीए लागतो, ते बघा. पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात एक बी आला आणि स्कॉलरशिप गेली, असं होतं.

भाचीच्या कागदावर एका बाजूला वर्षाला 90 हजार डॉलरच्या आसपास आकडा आला आणि दुसऱ्या बाजूला 40 हजारांच्या आत. फरक चार वर्षांचा 2 लाख.

आता याच कागदाच्या खाली पुढची चार वर्षं लिहा. सरकारी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा एकूण खर्च आता पावणेतीन लाख डॉलरच्या पुढे जातो, खासगीचा पावणेचार लाखांच्या पुढे. पूर्वी उरलेली सगळी रक्कम 'ग्रॅड प्लस' नावाच्या सरकारी कर्जातून उचलता यायची. जुलै 2025 मध्ये कायदा बदलला. 1 जुलै 2026 पासून नव्या मुलांसाठी ग्रॅड प्लस बंद, आणि मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला जास्तीत जास्त 50 हजार, एकूण 2 लाख. आईवडिलांनी पदवीसाठी काढायच्या पॅरेंट प्लस कर्जालाही मर्यादा आली: वर्षाला 20 हजार, एका मुलामागे एकूण 65 हजार. बाकीचं खासगी बँकेकडून, बहुधा सहकर्जदार म्हणून आईबापांच्या सहीने.

पदवीच्या चार वर्षांतला फरक 2 लाख, आणि मेडिकलला मिळणाऱ्या सरकारी कर्जाची मर्यादाही 2 लाख. हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा भावोजी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "म्हणजे हे पैसे आत्ता खर्च केले तर तेव्हा बँकेच्या दारात उभं राहायचं."

"न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं मेडिकल स्कूल फुकट आहे ना" असं कोणीतरी म्हणतंच. खरं आहे, तिथे 2018 पासून सगळ्यांना ट्यूशन माफ आहे. ब्राँक्सच्या आइन्स्टाइनमध्ये 2024 पासून. हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलनेही 2024 मध्ये 3 लाख डॉलरच्या खाली उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची ट्यूशन माफ केली. पण तिथे प्रवेश मिळेलच असं धरून घराचा हिशोब मांडता येत नाही.

याची दुसरी बाजूही बघा. उत्पन्न मध्यम किंवा कमी असेल तर खासगी युनिव्हर्सिटी राज्याच्या युनिव्हर्सिटीपेक्षा स्वस्त पडू शकते. मायकल ब्लूमबर्ग यांनी 2018 मध्ये हॉपकिन्सला 1.8 अब्ज डॉलर दिले, तेव्हापासून तिथे पदवीच्या मदतीत कर्ज धरत नाहीत. प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो भरा. छापील फी बघून घाबरू नका आणि भुलूही नका.

पायरी 2: व्हिसा एच-4 असेल तर हे आधी वाचा

ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या घरांसाठी ही पायरी बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची आहे, आणि शाळेतले काउन्सेलर ती क्वचित सांगतात.

एच-4 म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा. 21 वर्षं पूर्ण झाली की मूल त्यातून बाहेर पडतं आणि त्याला बहुधा एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागतो. म्हणजे पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात, नेमकं मेडिकलचा अर्ज भरायच्या सुमारास. मेडिकल स्कूलच्या लेखी एच-4 काय आणि एफ-1 काय, मूल आंतरराष्ट्रीय विद्यार्थीच. बरीच मेडिकल स्कूल्स अशा मुलांचे अर्ज घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही फीचे पैसे आधी दाखवायला किंवा वेगळ्या खात्यात ठेवायला सांगतात. सरकारी कर्ज फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डधारकांना.

त्यामुळे युनिव्हर्सिटी निवडताना तीन गोष्टी लेखी विचारा. आमच्या व्हिसावर राज्याची फी लागते का, आणि मूल एफ-1 वर गेलं तर तीच राहते का? एच-4 वर मुलांना पगारी काम करता येत नाही, मग बिनपगारी किंवा क्रेडिटसाठी लॅबमध्ये काम मिळतं का? सरकारी निधीवरच्या उन्हाळी संशोधन योजना बहुधा सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतात, तर युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पैशांतून काही योजना आहेत का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथे ठोस मिळेल त्या युनिव्हर्सिटीला माझ्या मते मोठं झुकतं माप द्यावं. रांगेत तारीख कुठे आहे आणि मुलाचं वय कायद्याने कसं मोजलं जाईल, हे वकिलाला एकदा पैसे देऊन विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

व्हिसाचा प्रश्न नसलेल्यांसाठीही राज्य महत्त्वाचं आहे. सरकारी मेडिकल स्कूल्स आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. टेक्सासमध्ये तर कायद्यानेच बाहेरच्यांना 10 टक्क्यांपेक्षा जास्त जागा देता येत नाहीत, आणि तिथल्या सरकारी स्कूल्सचा अर्जही वेगळ्या यंत्रणेतून जातो. ह्यूस्टन-डॅलसच्या घरांनी हे राज्य सोडताना दोनदा विचार करावा. कुठलं स्कूल कुठल्या राज्यातली किती मुलं घेतं हे अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या, म्हणजे एएएमसीच्या, एमएसएआर नावाच्या यादीत दिसतं. थोडे पैसे भरावे लागतात, पण वसूल होतात.

पायरी 3: पहिल्या दोन वर्षांचे वर्ग जवळून बघा

आमच्या घरी जे चुकलं ते इथेच. मुलाने शाळेत एपी केमिस्ट्रीत, म्हणजे शाळेतच घ्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या विषयात, 5 पैकी 5 मिळवले होते. आम्हीच त्याला म्हणालो, "झालंय ना तुझं, पुढचं घे." पहिल्याच सेमिस्टरला त्याने सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र, कॅल्क्युलस आणि जीवशास्त्र एकदम घेतलं. थँक्सगिव्हिंगला घरी आला तो गप्प. जेवताना ताटातली पोळी तशीच राहिली. रात्री अकराला खाली येऊन म्हणाला, "आई, मला सी प्लस येणार आहे." आला. नंतर विषय पुन्हा घेऊन ए मिळवला, पण तोवर आम्हाला कळलं की मेडिकलचा अर्ज दोन्ही ग्रेड धरतो.

हे नीट लक्षात ठेवा. बहुतेक मेडिकल स्कूल्सचा अर्ज ॲमकास नावाच्या सामाईक यंत्रणेतून जातो, आणि ॲमकास जीपीए स्वतः नव्याने काढतं. युनिव्हर्सिटीने जुना ग्रेड पुसला असला तरी इथे तो मोजला जातो. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा वेगळा जीपीए निघतो. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेला उन्हाळी वर्गही त्यात येतो. आपल्याकडे नववी-दहावीच्या मुलांना हौसेने हे वर्ग लावतात, म्हणून मुद्दाम सांगते.

तर दोन्ही युनिव्हर्सिट्यांत सामान्य रसायन आणि सेंद्रिय रसायन कसं शिकवतात ते शोधा. वर्गात किती मुलं, परीक्षा किती, एका परीक्षेचे मार्क वगळता येतात का, ग्रेड ठरलेल्या टक्क्यांवर मिळतो की वर्गाच्या सरासरीवर. विषयाचा अभ्यासक्रम आणि जुन्या परीक्षा बहुधा नेटवर सापडतात. धोरणं फार वेगवेगळी असतात. एमआयटीत पहिल्या सेमिस्टरला अक्षरी ग्रेड नोंदवत नाहीत. ब्राउनमध्ये ग्रेडला अधिक-उणे लागत नाही. प्रिन्स्टनने 2004 ते 2014 या काळात ए ग्रेड 35 टक्क्यांवर ठेवायचा प्रयत्न केला होता. मुलाला जिथे चार वर्षं काढायची, तिथलं आजचं धोरण माहीत असायला हवं.

आणि एक वर्ग बसून बघा. एप्रिलमध्ये प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी खास दिवस असतात, पण तो सजवलेला दिवस. त्याऐवजी साध्या मंगळवारी जा आणि परवानगी घेऊन सेंद्रिय रसायनाच्या तासाला मागे बसा. तास संपल्यावर काय होतं ते बघा. भाचीने एका तासानंतर मोजलं: बारा मुलं फळ्यापाशी थांबली, प्राध्यापकांनी खडू परत उचलला आणि पुढची वीस मिनिटं ते तिथेच होते. पुढे शिफारसपत्र लागतं ते अशाच माणसाचं. मेडिकल स्कूल्स साधारण दोन पत्रं विज्ञानाच्या प्राध्यापकांची आणि एक दुसऱ्या विषयाचं मागतात. तीनशेच्या वर्गातही पत्र मिळतं, पण ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला, नेमाने जाणाऱ्यालाच.

पायरी 4: सल्लागाराला मेल करा आणि छेद विचारा

'आमच्या 85 टक्के मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो' असं एखादी युनिव्हर्सिटी सांगते तेव्हा अंशापेक्षा छेद बघायचा. किती मुलांपैकी 85 टक्के? पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून आलेल्या सगळ्यांपैकी, की शेवटपर्यंत टिकून अर्ज केलेल्यांपैकी? की युनिव्हर्सिटीच्या समितीने ज्यांना पाठिंबा दिला फक्त त्यांच्यापैकी?

काही युनिव्हर्सिट्यांत मेडिकलला अर्ज करणाऱ्यांसाठी प्री-हेल्थ समिती असते, ती प्रत्येक विद्यार्थ्याचं एकत्र शिफारसपत्र लिहिते. काही ठिकाणी ही समिती कमी जीपीए असलेल्यांना पत्र नाकारते किंवा हात राखून लिहिते, आणि मग टक्केवारी आपोआप वर जाते. काही मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत समितीच नसते, मुलं स्वतःची पत्रं स्वतः गोळा करतात. समिती नाही म्हणून मेडिकल स्कूल अर्ज नाकारत नाही. पण समिती असूनही पत्र नसेल, तर 'का नाही' हे विचारलं जातं.

भाचीने दोन्हीकडे एकच मेल पाठवला, आईबापांच्या नव्हे, स्वतःच्या नावाने. मी तुम्हालाही तेच सुचवेन. प्रश्न असे होते: समितीचं पत्र सगळ्यांना मिळतं का, की जीपीएची अट आहे? एका सल्लागारामागे किती विद्यार्थी? पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबून अर्ज करणाऱ्यांना तुम्ही मदत करता का? गेल्या वर्षी 3.4 ते 3.6 जीपीए असलेल्या तुमच्या मुलांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला?

थांबून अर्ज करणाऱ्यांचा प्रश्न वगळू नका. आज मेडिकलला जाणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांनी पदवीनंतर निदान एक वर्ष घेतलेलं असतं. 'वर्ष वाया गेलं' असं त्याला कोणी म्हणत नाही. आपणही म्हणू नये.

पायरी 5: हॉस्पिटलपर्यंत बसने जाऊन बघा

माहितीपुस्तकात 'जगप्रसिद्ध हॉस्पिटल' असतं. मुलीला तिथे मंगळवारी दुपारी दोन तासांच्या फटीत पोहोचता येतं का, हे पुस्तकात नसतं.

हॉपकिन्सच्या पदवीच्या मुलांचा होमवुड कॅम्पस बाल्टिमोरच्या उत्तर भागात, हॉस्पिटल आणि मेडिकल स्कूल ईस्ट बाल्टिमोरला. मध्ये युनिव्हर्सिटीची शटल धावते. रटगर्समध्ये उलटा प्रकार: रॉबर्ट वूड जॉन्सन हॉस्पिटल न्यू ब्रन्सविकच्या रेल्वे स्टेशनला लागून आहे, पण विज्ञानाचे बरेचसे वर्ग रॅरिटन नदीपलीकडे बुश कॅम्पसवर. तिथून कॅम्पसची बस. तास सुटायच्या वेळी त्या बसला केवढी गर्दी असते ते आम्ही रांगेत उभं राहून पाहिलं. दोन्ही ठिकाणी जाता येतं, दोन्ही ठिकाणी वेळ जातो. मग प्रश्न उरतो, तिथे पोहोचल्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलीला काय करू देतात? स्वयंसेवक म्हणून नाव घालायला किती महिने थांबावं लागतं? लॅबमध्ये तिची गाठ प्राध्यापकांशी पडेल, की चार पोस्टडॉकच्या (पीएचडी झालेल्या संशोधकांच्या) हाताखाली ती फक्त नळ्या धुईल? हॉपकिन्ससारखं संशोधन देशात फार थोड्या ठिकाणी आहे. मुलीला मनापासून एमडी-पीएचडी, म्हणजे डॉक्टरी आणि संशोधन दोन्ही, करायचं असेल, तर या एका कारणासाठी मी जास्त खर्चाचाही विचार करेन.

लहान गोष्टींना कमी लेखू नका. नर्सिंग होममध्ये दर शनिवारी जाणं, डॉक्टरांचा स्क्राइब म्हणून त्यांच्या नोंदी लिहिणं, घराजवळच्या ॲम्ब्युलन्स पथकात ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार देणारी, होणं, हे अर्जात खरं वजन धरतं. ते मोठ्या हॉस्पिटलशिवायही होतं.

पायरी 6: डॉक्टर व्हायचं नाही असं ठरलं तर?

बरीच मुलं वाटेत दुसरं काही निवडतात. आपल्याला ते आत्ता ऐकायला नको वाटतं, पण एप्रिलमध्येच बोलावं. मुलीला आणखी काय आवडतं ते विचारा आणि तो विभाग दोन्हीकडे कसा आहे ते बघा. एका विभागातून दुसऱ्यात बदली सहज होते का? इंजिनीअरिंग किंवा कॉम्प्युटरकडे आतून जाणं काही ठिकाणी जवळपास बंद असतं. भाचीने हळूच सांगितलं की तिला पब्लिक हेल्थ आवडतं. हे ताईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

राहण्याजेवण्याबद्दल थोडक्यात: मुलगी जिथे झोपणार ती खोली बघा, विद्यार्थ्यांसाठी समुपदेशकाची वेळ किती दिवसांनी मिळते ते विचारा, आणि घर किती तासांवर आहे ते तिला ठरवू द्या. काहींना शनिवारी घरचं वरणभात हवं असतं, काहींना नको असतं.

एप्रिल संपायच्या आत

खर्चावर अडलं असेल तर आर्थिक मदत कार्यालयाला अपील पाठवा. नोकरी गेली, आजारपण आलं, भारतातल्या आईवडिलांचा खर्च उचलता, जे खरं असेल ते कागदांसह लिहा आणि दुसऱ्या युनिव्हर्सिटीचं पत्र जोडा. हे एप्रिलच्या सुरुवातीलाच करा, उत्तर यायला वेळ लागतो. 1 मेच्या आत एकाच ठिकाणी डिपॉझिट भरा आणि दुसरीकडे लगेच नकार कळवा. प्रतीक्षा यादीतलं एखादं मूल त्या जागेची वाट बघत असतं.

भाचीने रटगर्स निवडलं. 28 एप्रिलच्या रात्री ताई रडली, आणि सकाळी तिनेच डिपॉझिट भरलं.

जूनमध्ये विषय नोंदवायची वेळ आली तेव्हा आम्ही तिघी पुन्हा त्याच टेबलाशी बसलो. पहिल्या सेमिस्टरला सामान्य रसायन आणि त्याची प्रयोगशाळा, संख्याशास्त्र, इंग्रजी लेखन, आणि पब्लिक हेल्थचा एक वर्ग. जीवशास्त्र दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत थांबलं. एपीचे 5 तिलाही होते, तरी रसायन पहिल्यापासून घेतलं. एपीची क्रेडिट्स काही मेडिकल स्कूल्स धरत नाहीत, हे आता आम्हाला माहीत होतं. ऑफिस अवर्स बुधवारी तीन ते चार. तिने ते फोनच्या कॅलेंडरमध्ये डिसेंबरपर्यंत घालून ठेवले.